शेवटच्या घराचे पाणी
(लहान खेड्यातील पिण्याचे पाणी व स्वच्छता : एक अभ्यासपाठ)

प्रास्ताविक

आपल्या संस्थेचे बहुतेक सभासद आज नोकरी-व्यवसायानिमित्त शहरात राहतात, परंतु आपली मुळे खेड्यात आहेत. जयंतीला, लग्नकार्याला किंवा मे महिन्याच्या सुटीत आपण गावी जातो तेव्हा ओसरीवर टेकताच पहिली गोष्ट निघते ती पाण्याची. नळ किती दिवसाआड येतो, विहिरीला तळ लागला की नाही, टँकर सुरू झाला का, हेच प्रश्न. आपली वस्ती बहुधा गावाच्या कडेला, उताराच्या अंगाला असते. गावाची पाण्याची पाइपलाइन तेथे संपते आणि गावाची गटारे तेथे येऊन साचतात. पाणी सर्वांत शेवटी आणि सांडपाणी सर्वांत आधी, अशी ही रचना आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणापासून पाहिली आहे.

या पाठात आपण लहान खेड्यातील पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांचा अभ्यास करणार आहोत. विषय मोठा आहे, म्हणून एकच सूत्र धरून चालू. ते सूत्र असे : गावाच्या पाणी योजनेची परीक्षा टाकीजवळ होत नाही, ती शेवटच्या घरी होते. शेवटच्या घरी शुद्ध व पुरेसे पाणी पोचले, तर मधल्या सर्व घरी ते पोचलेच. शेवटचे घर सुटले, तर रोगराईला गावात शिरायची वाट तेथूनच मिळते आणि ती मग सरपंचाच्या वाड्यालाही सोडत नाही.

१. विटाळ आणि दूषण

पाण्याचा विचार करताना दोन शब्दांतील फरक आधी समजून घेतला पाहिजे. विटाळ हा मानण्यावर असतो. दूषण हे मोजता येते. आपल्या देशात शतकानुशतके विटाळाची काळजी फार घेतली गेली आणि दूषणाची फार थोडी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाडचे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर काय झाले ते विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे. तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली, आणि या शुद्धीसाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतण्यात आल्या. माणसाच्या ओंजळीने पाण्याला काही झाले नव्हते, पण शेणाने ते निश्चितच दूषित झाले. पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ओंजळभर पाण्याचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली.

स्वतंत्र भारताच्या संविधानात अनुच्छेद १५ मध्ये, राज्याच्या पैशातून चालणाऱ्या किंवा सर्व जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट नमूद आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. हक्क मिळाला. आता प्रश्न असा आहे की त्या हक्काचे पाणी नळातून खरोखर येते का, आणि आले तर ते पिण्यालायक असते का. हक्काचे रूपांतर हंड्यात व्हायचे तर थोडे शास्त्र आपल्याला शिकावे लागेल.

२. पाणी रोग कसे पसरवते

कॉलरा, हगवण, विषमज्वर (टायफॉइड), कावीळ हे रोग मुख्यतः एकाच मार्गाने पसरतात. रोग्याच्या विष्ठेतील जंतू निरोगी माणसाच्या तोंडात जातात. मधले वाहक पाच : पाणी, हात, माशा, माती आणि उघडे अन्न. या पाच वाटा बंद केल्या की रोगाची साखळी तुटते. पाणीपुरवठा आणि स्वच्छता हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत याचे कारण हेच आहे. विहीर कितीही चांगली बांधली आणि गावाची हागणदारी ओढ्यात राहिली, तर पहिल्या पावसाने दोन्ही एक होतात.

हे ज्ञान फार जुने नाही. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा दुर्गंधीयुक्त हवेमुळे रोग होतो असा समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूची नोंद घराप्रमाणे नकाशावर केली. ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरील एका हातपंपाभोवती मृत्यूंची दाटी दिसली. त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसण्याची वाट न पाहता, घराघरांत फिरून केलेल्या नोंदीवरून त्यांनी कारण शोधले. कागद, पेन्सिल आणि घरोघरची चौकशी ही साधने आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आहेत.

एक गोष्ट आणखी. स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना चव नसते. जंतुदूषण ओळखण्यासाठी एक सोपी बाटली मिळते. तिला हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली म्हणतात. तीत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवले आणि पाणी काळे झाले, तर ते पिण्यास अयोग्य समजावे. ग्रामसभेत काळी पडलेली बाटली समोर ठेवली, तर फारसे भाषण करावे लागत नाही.

३. नारूचा धडा

आपल्या वडीलधाऱ्यांना नारू हा रोग आठवत असेल. पायाला फोड यायचा, तो फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा, आणि हे नेमके पेरणी-कापणीच्या दिवसांत. या जंताची लांबी हातभरापेक्षाही जास्त, साधारण एक मीटरपर्यंत असे.

हा रोग होण्याचे कारण पायऱ्यांच्या विहिरी. आग होणारा पाय थंड पाण्यात बुडवला की बरे वाटते, म्हणून रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय ठेवी. त्याच क्षणी जंताची असंख्य पिले पाण्यात सुटत. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा ती पिले गिळी. तेच पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या पोटात ती जात आणि सुमारे वर्षभराने त्याच्या पायातून नवा नारू बाहेर पडे.

या रोगावर लस नव्हती आणि गुणकारी औषधही नव्हते. तरीही तो आपल्या देशातून गेला. १९८३-८४ पासून राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. ज्या राज्यांत हा रोग होता त्यांत महाराष्ट्रही होता. उपाय अगदी साधे होते : पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठड्याच्या विहिरी व हातपंप करणे, पाणी दुहेरी फडक्याने गाळून पिणे, विहिरीत किडा मारणारे औषध टाकणे, आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

या यशात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे पाणी गाळण्याची सवय. भिक्खूंच्या अष्ट परिष्कारांमध्ये चीवर, पात्र, सुई यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे साधन सांगितलेले आहे. जीवहिंसा टाळणे हा त्याचा हेतू, परंतु दोन हजार वर्षांहून अधिक जुनी ही सवय आरोग्याच्याही उपयोगाची ठरावी अशीच आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शेवटच्या रोग्यापर्यंत पोचल्याशिवाय हा रोग संपणार नव्हता. शंभरांतील नव्व्याण्णव रोगी बरे झाले आणि एकाने विहिरीत पाय बुडवला, तर पुढच्या वर्षी पुन्हा गावभर रोगी. म्हणून कार्यकर्ते दूरच्या वाडीवर, तांड्यावर, शेवटच्या झोपडीपर्यंत गेले.

४. उद्भव आणि विहीर

पाणी जेथून घेतो त्याला उद्भव म्हणतात. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठायला जागा थोडी, तेही भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. त्यामुळे पावसाळ्यात तुडुंब असलेली विहीर मार्च-एप्रिलमध्ये कोरडी पडते. पाणी आधी अडवणे व जिरवणे आणि मग जपून वापरणे हाच त्यावर उपाय. कान्हेरीच्या लेण्यांत आपण हे पाहू शकतो. डोंगरावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पाटांतून विहारांजवळच्या टाक्यांत नेलेला आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि पोढी दान देणाऱ्या सामान्य उपासक-उपासिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. अलीकडच्या काळात नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत घातली. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी राखून ठेवायचे आणि उरलेल्यावर पीक ठरवायचे, असा तेथील नियम आहे.

पिण्याच्या विहिरीबाबत पुढील गोष्टी तपासाव्यात :

(अ) विहिरीला कठडा असावा आणि भोवती सिमेंटचा ओटा असावा. सांडलेले पाणी नालीने दूर जावे.
(आ) विहिरीजवळ कपडे, भांडी, जनावरे धुऊ नयेत.
(इ) शौचालयाचा खड्डा व उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर (५० फूट) दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा. खडकाला भेगा असतील तर अंतर आणखी वाढवावे, कारण भेगांतून घाण फार लांब जाते.
(ई) पाणी काढण्यास एकच दोर व पोहरा असावा. घराघरांतील दोर-बादल्या जमिनीवरची घाण आत नेतात.

विहिरीचे शुद्धीकरण : ब्लीचिंग पावडर, जिला खेड्यात टीसीएल पावडर म्हणतात, ती टाकण्याचे काम पुष्कळदा अंदाजाने होते. मूठभर पावडर वरून भिरकावली की काम झाले, असे समजले जाते. हे चूक आहे. आधी पाण्याचे माप काढावे. विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्ये घेऊन,

३.१४ × व्यास × व्यास × खोली ÷ ४ = घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर.

समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर आहे. पाणी ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर भरले. चांगल्या प्रतीची पावडर असेल, तर १००० लिटरला किमान अडीच ग्रॅम लागते. म्हणजे येथे सुमारे ९५ ग्रॅम. पावसाळ्यात व गढूळ पाण्याला याच्या दुप्पटही लागू शकते. पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर तिच्यातील क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवावी.

पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे. पाच-दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडावी आणि खालीवर हलवून द्रावण सर्वत्र मिसळावे. चुना विहिरीत टाकू नये. नंतर किमान एक तास पाणी काढू नये. म्हणून हे काम रात्री किंवा भल्या पहाटे करणे सोयीचे. तासाभराने ओटी चाचणी घ्यावी. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी पिण्यास योग्य. रंग आला नाही तर पावडर कमी पडली. चाचणीचे पाणी फेकून द्यावे, पिऊ नये.

क्लोरीन जंतू मारतो, पण पाण्यात विरघळलेले फ्लोराइड किंवा नायट्रेट तो काढू शकत नाही. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत फ्लोराइडमुळे दात पिवळे पडणे व हाडे वाकणे हे विकार आढळले आहेत. म्हणून वर्षातून एकदा तरी उद्भवाच्या पाण्याची रासायनिक तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यावी.

५. नळ योजना : पाणी शेवटी का पोचत नाही

पुष्कळ गावांत टाकी झाली, पाइप टाकले गेले, घरोघरी तोट्याही बसल्या. तरीही शेवटच्या आळीत हंडा भरत नाही. यामागे कोणाचा दुष्टावा असेलच असे नाही. पाण्याचे शास्त्र आहे. पाइपमधून जाताना घर्षणाने पाण्याचा दाब कमी होत जातो. वाटेत जितक्या तोट्या एकाच वेळी उघड्या, तितका दाब आणखी घटतो. कोणी नळाला थेट मोटर लावली की तो पुढच्या दहा घरांचे पाणी ओढून घेतो. शेवटच्या घरी नुसती हवा येते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. पाणी बंद झाल्यावर पाइप रिकामा होतो. त्याला कोठे भेग असेल आणि तो गटारातून गेलेला असेल, तर गटाराचे पाणी आत शोषले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ते पुढे ढकलले जाऊन शेवटच्या घरांकडे जाते. अशा रीतीने ज्याला पाणी सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला सर्वांत घाण पाणी येते. त्याच घरी डॉक्टरला द्यायला पैसेही सर्वांत कमी असतात.

उपाय अवघड नाहीत. गावाचे दोन-तीन भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवावा आणि पाळीपाळीने पाणी सोडावे. शेवटच्या भागाची पाळी आधी ठेवावी. टाकीपासून खालच्या वस्तीला शक्य तर स्वतंत्र वाहिनी द्यावी. प्रत्येक नळाला तोटी असावी. थेट मोटर लावण्यास ग्रामसभेने बंदी करावी. गटारातून जाणारे पाइप उचलून घ्यावेत. आणि ओटी चाचणी टाकीजवळ न घेता शेवटच्या नळावर घ्यावी. भारतीय मानकाप्रमाणे तेथे प्रत्येक लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. शेवटच्या नळाच्या नळीत पिवळा रंग आला, तर मधले पाइप, टाकी आणि पावडर टाकणारा माणूस, सर्वांची परीक्षा एकदम होते.

आता एक हिशेब करू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे अठरा हंडे. शेवटच्या घरी एक हंडा भरायला तीन मिनिटे लागतात आणि पाणी दिवसाआड ४५ मिनिटे येते असे समजा. दोन दिवसांत १५ हंडे, म्हणजे २२५ लिटर. दर माणशी दररोज फक्त साडेबावीस लिटर. ‘आम्हाला पाणी येत नाही’ असे म्हटले की ‘येते की’ असे उत्तर मिळते. साडेबावीस आणि पंचावन्न हे दोन आकडे शेजारी मांडले की असे उत्तर देणे कठीण जाते.

६. घरात आलेले पाणी

नळापर्यंत शुद्ध असलेले पाणी घरात आल्यावर बिघडते, हा अनुभव सर्वत्र आहे. माठात पेला बुडवला की त्याबरोबर बोटे बुडतात. म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा माठाला तोटी बसवावी. माठ उंचावर, झाकलेला असावा आणि रोज घासून भरावा. शंका असेल तेव्हा पाणी गाळून, खळखळून उकळून घ्यावे. शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर आणि जेवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

जुलाब सुरू झाल्यास लगेच जलसंजीवनी द्यावी. एक लिटर शुद्ध पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य रोगी वाचवले. रोग्याला पाणी तोडायचे नसते, ही गोष्ट आजही प्रत्येक घरात सांगावी लागते.

७. शौचालय

उघड्यावर शौचास जाण्याचा सर्वांत मोठा जाच स्त्रियांना होतो. दिवसभर त्रास सोसायचा, अंधार पडण्याची वाट पाहायची, पाणीसुद्धा कमी प्यायचे. शाळेत शौचालय नाही म्हणून मुली वयात आल्यावर शाळा सोडतात. हा आरोग्याबरोबर अब्रूचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा आहे. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि रात्री कीर्तनातून डोकी झाडली. अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात, दुसऱ्या माणसाने मैला उचलावा लागू नये यासाठी सोप्या संडासाचे प्रयोग केले. २०००-०१ पासून राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि २ ऑक्टोबर २०१४ पासून देशभर स्वच्छ भारत अभियान. शौचालये पुष्कळ बांधली गेली. त्यांतील काहींत आज सरपण व कडबा भरलेला दिसतो, कारण पाणी नाही किंवा खड्डा चुकीचा झाला.

खेड्याला सर्वांत सोयीचे शौचालय दोन शोषखड्ड्यांचे. साधारण एक मीटर व्यासाचे व एक मीटर खोलीचे दोन खड्डे, आतून जाळीदार विटांचे बांधकाम, तळ मातीचाच. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर. तीव्र उताराचे ग्रामीण भांडे बसवल्यास दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. पाच-सहा माणसांच्या घराला तो सुमारे तीन वर्षे पुरतो. भरला की चेंबरमधील वाट बदलून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, वासरहित खत होते. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर जिरत नाही, तेथे खड्ड्याभोवती वाळू-मुरमाचा थर द्यावा. कोकणासारख्या भागात पावसाळ्यात भूजल वर येते, तेथे खड्डा कमी खोल करून जोते उंच घ्यावे.

पुष्कळांना मोठी सेप्टिक टाकी अधिक प्रतिष्ठेची वाटते. परंतु ती भरल्यावर उपसणार कोण? तिच्यात उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, आणि ती माणसे कोणत्या समाजातली असतात हेही आपल्याला ठाऊक आहे. हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी केली आहे. दोन खड्ड्यांच्या शौचालयात ओल्या मैल्याला कोणाचाच हात लागत नाही. म्हणून स्वतःच्या घराचे शौचालय बांधताना दोन खड्डे घेणे हे आपले सामाजिक कर्तव्यही आहे.

८. सांडपाणी

घरात पाणी आले की सांडपाणी वाढते. डबकी झाली की डास, आणि डास झाले की मलेरिया, डेंग्यू. प्रत्येक घरामागे शोषखड्डा किंवा परसबाग असावी. नांदेड जिल्ह्यात ‘मॅजिक पिट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत खड्ड्यात छिद्रे पाडलेली टाकी बसवून भोवती दगड भरतात. गाळ टाकीत बसतो, पाणी बाहेर जिरते. वरच्या आळीने आपले सांडपाणी आपल्याच दारात जिरवले, तर खालच्या वस्तीत गटार वाहणार नाही. येथेही आपले सूत्र लागू पडते : शेवटच्या घरापुढे डबके असेल, तर दोष पहिल्या घरापासून शोधावा.

९. हे कोणी करायचे

७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी व स्वच्छता हे विषय पंचायतींकडे सोपवले आहेत. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया आणि दुर्बल घटकांचे प्रतिनिधी असावे लागतात. जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के, आणि डोंगराळ भागांत किंवा अनुसूचित जाती-जमातींची संख्या ५० टक्क्यांहून अधिक असलेल्या गावांत ५ टक्के, लोकवाटा ठेवला होता. वर्गणी दिली की माणूस हिशेब विचारतो, हा त्यातील फायदा. पूर्वी दलित वस्ती सुधार योजना म्हणून ओळखली जाणारी, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजनाही आहे. तिच्या निधीतून पुष्कळदा कमानी व फरसबंदी होते. पाण्याची वाहिनी व गटार आधी मागावे, असा आग्रह वस्तीतील माणसांनीच धरला पाहिजे.

आपण येथे स्वतःकडेही पाहू. वस्तीतला शेवटचा माणूस कोण? आपल्यातही ज्यांची पक्की घरे झाली त्यांनी नळाला मोटर लावली आहे. त्यामुळे पलीकडची एकटी म्हातारी, वीटभट्टीवर जाणारे कुटुंब किंवा गावाबाहेर उतरलेली पालावरची माणसे तहानलेली राहतात. महाडच्या पाण्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या नळाखाली कोणाचा हंडा कोरडा राहू नये.

विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत गावी गेल्यावर पुढील काम करावे :

(१) वस्तीचा नकाशा काढून घरे, नळ, विहिरी, गटारे, शौचालये दाखवावीत.
(२) पहिल्या, मधल्या व शेवटच्या नळावर एक हंडा भरण्यास लागणारा वेळ घड्याळ लावून सलग सात दिवस लिहावा.
(३) आरोग्य सेवकाकडून ओटी संच घेऊन शेवटच्या नळाची चाचणी करावी, तारीख व वेळ लिहावी.
(४) गेल्या पावसाळ्यात कोणत्या घरी जुलाब, कावीळ, टायफॉइड झाला ते विचारून नकाशावर खूण करावी.
(५) हा सर्व तक्ता, अर्जासह ग्रामसभेत सादर करून पोच घ्यावी. आधी होणाऱ्या महिला सभेत तो स्त्रियांनी मांडावा, कारण हंड्याचे ओझे त्यांच्याच डोक्यावर आहे.

समारोप

ग्रामसभेत एका अर्जाने काम होईल असे नाही. पुन्हा जावे लागेल, पुन्हा मोजावे लागेल. परंतु मोजून मांडलेले दुःख नाकारता येत नाही. आपल्या आजी-आजोबांना पाणवठ्यावर ताटकळत उभे राहून, वरून कोणी ओतेल तेव्हा ओंजळीत पाणी घ्यावे लागले. आपल्याला तोटी मिळाली. त्या तोटीतून शुद्ध पाणी यावे, पुरेसे यावे आणि आपल्या पुढच्या घरालाही यावे, एवढे काम आपल्या पिढीकडे उरले आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विटाळ व दूषण यांतील फरक महाडच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. औषध व लस नसताना नारूचे निर्मूलन कसे शक्य झाले?
३. व्यास ५ मीटर व पाण्याची खोली २ मीटर असलेल्या विहिरीला किमान किती ग्रॅम चांगली टीसीएल पावडर लागेल?
४. नळ योजनेत शेवटच्या घरी पाणी कमी व दूषित का येते? त्यावर कोणते उपाय कराल?
५. आपल्या गावातील शेवटचे घर कोणते? तेथे दर माणशी दररोज किती लिटर पाणी मिळते ते मोजून लिहा.